झीज किती, हे कोणी सांगायचे?



काल या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थकारणावर व्हावयाचे आहे, आणि मध्ये आज आम्ही हा तेलकट लोखंडी दांडा घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा कामगार चळवळीच्या वाटचालीविषयी आम्ही काही सांगू अशी त्यांची कल्पना होती. त्या विषयावर आम्ही पुष्कळदा बोललो आहोत आणि समोर बसलेल्यांना जांभया देतानाही पाहिले आहे. म्हणून ज्या कामात आमची उमेदीची वर्षे गेली त्या कामाविषयीच या खेपेस बोलावे असे ठरविले. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलल्यावर त्याचा क्रँकशाफ्ट आणि बेरिंगे किती झिजली आहेत, आणखी चालतील की नाही, हे कसे ठरवावयाचे, एवढाच आजचा विषय. हा विषय दिसतो तितका कोरडा नाही. याच्यापायी एका शेतकऱ्याचा हंगाम बुडालेला आणि एका पोराचा पगार कापला गेलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यात आमचाही हात होता. ते यथाक्रम सांगू.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आधी रॉकेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धुता धुता आणि नंतर रद्दीतून मिळालेल्या इंजिनांच्या पुस्तकांवरून, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तेव्हा विद्वानांनी आमच्या भाषेतल्या खाचाखोचा पोटात घालाव्यात.

उदाहरणासाठी एकच इंजिन घेऊ. आपल्या ऊसपट्ट्यात जुना 'मॅसी ३५' ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा. पर्किन्स यांच्या रचनेचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन त्यात आहे. हेच इंजिन पुढे मद्रासेस सिंप्सन कंपनीत तयार होऊ लागले, आणि १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या ट्रॅक्टरांत बसून ते गावोगाव पोहोचले. सिलिंडरचा व्यास ३.६ इंच, पिस्टनची खालीवर होणारी हालचाल ५ इंच. आत डिझेल पेटले की पिस्टनच्या डोक्यावर क्षणभर जो दाब पडतो तो ढोबळ हिशेबाने चार-साडेचार टनांच्या घरात जातो. उसाने भरलेली बैलगाडी दोन-तीन टनांची धरा. तशा दोन गाड्या एकावर एक रचून पिस्टनवर आदळल्या, असे समजा. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा तडाखा मिनिटाला हजार वेळा बसतो. पिस्टनकडून तो कनेक्टिंग रॉडमध्ये, रॉडमधून क्रँकशाफ्टच्या पिनमध्ये येतो. ही पहा ती पिन. नवी असताना हिचा व्यास २.२४८५ ते २.२४९० इंच असतो. आमच्या भाषेत अर्ध्या थाउचा फरक. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुतार ज्याला सूत म्हणतो त्यात असे सव्वाशे थाउ मावतात, आणि आपल्या डोक्यावरचा केस दोन ते चार थाउ जाड असतो. आजची सगळी कथा एका केसाच्या जाडीत घडणार आहे.

आता साहजिक शंका अशी की, मिनिटाला हजार वेळा एवढा तडाखा बसतो तर लोखंड लोखंडावर घासून तासाभरात खलास का होत नाही? तर त्याचे उत्तर असे की, ते लोखंडावर घासतच नाही. हे इंजिनिअरांनाही फार उशिरा कळले. १८८३ साली इंग्लंडात ब्यूचॅम्प टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या बेरिंगांवर प्रयोग करीत होता. फिरता दांडा, त्याच्या डोक्यावर बसविलेले अर्धे बेरिंग, आणि खाली तेलाची टाकी. पुढच्या प्रयोगासाठी वरून तेल सोडावे म्हणून त्याने बेरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तो त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बुचाने भोक बंद केले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. शेवटी दाबाचा काटा बसविला तेव्हा तो चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला, आणि बेरिंगवर भार तर सरासरीने शंभराचाच होता. म्हणजे फिरणारा दांडाच तेलाला आपल्याखाली ओढून नेतो आणि त्या तेलावर तरंगतो. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. ते गणित आम्हाला सगळे समजले असे सांगणे खोटेपणाचे होईल. परंतु त्यातला एक निष्कर्ष आम्ही पाठ केला आहे, कारण तो रोज उपयोगी पडतो. दांडा आणि बेरिंग यांच्यातली फट दुप्पट झाली की त्या फटीतून गळून जाणारे तेल दुप्पट होत नाही, आठपट होते. फट झाली तिप्पट, तर सत्तावीसपट. पंप मात्र तोच, त्याची ताकद तीच.

म्हणून फट किती असावी याला मर्यादा आहेत. ढोबळ नियम असा की, दांड्याच्या दर इंच व्यासामागे एक थाउ, किंचित अधिक. आपल्या पिनेला अडीच थाउ म्हणा. नेमका आकडा त्या त्या इंजिनच्या पुस्तकातच पाहावयाचा, तोंडी नियमावर इंजिन बांधावयाचे नाही. फट कमी झाली तर तेलाचा थर बसत नाही, बेरिंग तापते आणि दांड्याला चिकटते. जास्त झाली तर तेल गळून जाते, काट्यावर दाब पडतो, आणि पिन बेरिंगमध्ये घणासारखी आपटू लागते.

ती आपटते ते ऐकू येते. मेन बेरिंगचा आवाज खोल, धप् धप् असा, भार पडला की वाढणारा. कनेक्टिंगच्या बेरिंगचा आवाज टणक. रेस एकदम सोडली की तो ठळक होतो. कोणत्या सिलिंडरचा आहे हे पाहण्यासाठी एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करावा. त्या सिलिंडरचे पेटणे थांबले आणि आवाज बदलला की चोर सापडला. जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या काही मंडळींना हे ज्ञान आमच्यापेक्षा जास्त असते. ती इंजिनात गिअरचे जाड तेल ओततात. जाड तेल फटीतून सावकाश गळते, काटा वर दिसतो, आवाज दबतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. जुना ट्रॅक्टर घ्यावयाचा असेल तर सकाळी थंड इंजिनवर तेलाचा काटा पाहून भुलू नये. अर्धा तास चालवून, तापवून, इंजिन हळू चालत असताना पाहावा.

आता इंजिन खोलले. खालचे तेलाचे चेंबर काढले, कॅपा काढल्या. कॅपा काढण्यापूर्वी त्यांवर नंबर आहेत का पाहावे, नसतील तर खुणा कराव्यात. कारण प्रत्येक कॅप आपल्याच रॉडबरोबर कापलेली असते, दुसऱ्यावर ती गोल बसत नाही. आतून बेरिंगच्या या दोन वाट्या निघतात. आम्ही यांना शेल म्हणतो. जुन्या काळी शेल नसत. १८३९ साली अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याने कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा जो मऊ मिश्रधातू काढला, त्याच्याच जातीचा पांढरा धातू वितळवून बेरिंगमध्ये ओतीत आणि मिस्त्री तो तासणीने तासून दांड्याला जुळवून घेत. त्या तासणीवर हात बसायला वर्षे लागत. आता पोलादाची पातळ पाठ, तिच्यावर तांबे-शिसे किंवा अल्युमिनियम-कथील यांचा थर, आणि काही शेलांवर त्याहीवर थाउभर जाडीचा मऊ मुलामा, असे तयार शेल पाकिटात मिळतात.

शेल फेकून द्यावयाची वस्तू खरी, पण फेकण्यापूर्वी ती वाचावी. आमच्याकडे नवीन मुलगा आला की आम्ही त्याला पहिला महिना पाना देत नाही. जुने शेल देतो आणि विचारतो, हे काय सांगते? कनेक्टिंगमध्ये वरचे शेल, म्हणजे रॉडच्या बाजूचे, अधिक झिजलेले असणे स्वाभाविक आहे, कारण तडाखा वरून येतो. मेनमध्ये खालचे, कॅपच्या बाजूचे. याउलट दिसले तर थांबून विचार करावा. मुलामा जाऊन तांबूस रंग दिसू लागला तर शेलचे आयुष्य संपले. लांब ओरखडे आणि रुतलेले कण दिसले तर तेलात माती होती. मग फिल्टर आणि हवेच्या जाळीपासून चौकशी करावी, कारण नवे शेलही तीच माती खाणार. एकाच कडेला चमकणारा पट्टा असेल तर रॉड वाकलेला आहे किंवा पिन एका टोकाला बारीक झाली आहे. थर खपल्यांनी निघाला असेल तर तो पुष्कळ काळ आपटून थकला आहे. काळेनिळे पडले असेल तर तेल पोहोचलेच नाही. क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरही नजर टाकावी. सारा दिवस क्लचवर पाय ठेवून नांगरणाऱ्या ड्रायव्हरची सही तेथे असते.

परंतु शेल बदलता येते. खरा प्रश्न पिनेचा आहे, कारण ती बदलायची म्हणजे क्रँकशाफ्ट बदलायचा, किंवा तो घासून पुढच्या मापावर न्यावयाचा. आणि येथेच माणसे फसतात. आम्हीही फसलो.

१९९१ सालच्या जानेवारीतील गोष्ट. आम्ही तेव्हा एका गॅरेजात कामाला होतो. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. एक शेतकरी आपला मॅसी घेऊन आला. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस वाहण्याचा करार, त्यासाठी तोडणीच्या टोळीला उचल दिलेली, ती उचल सोसायटीचे आणि पाहुण्यांचे पैसे मिळवून भागविलेली. इंजिन ठोकत होते. खोलले तो मधल्या कनेक्टिंगचे शेल तांबडे झालेले. पिनेवरून अंगठ्याचे नख फिरविले तर एक बारीक रेघ लागली, बाकी पिन चकचकीत. मिस्त्री त्या दिवशी गावाला गेलेले. आम्ही मालकांना म्हटले, "मालक, पिन मापून बघूया का?" मायक्रोमीटर होता, परंतु तो मालकांच्या कपाटात, निळ्या मखमलीच्या पेटीत, कुलपात असे. पोरांच्या हातात देऊन बिघडवायची ती वस्तू नव्हे, अशी त्यांची समजूत. मालक म्हणाले, "चकाकतीय की आरशागत. एमरी मारा आणि स्टँडर्ड शेल टाका. गाडी उद्या संध्याकाळी गेली पाहिजे."

आम्ही गप्प बसलो. आमच्या हाताखाली सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने एमरीची पट्टी पिनेला गुंडाळून दोन्ही हातांनी दोरीसारखी ओढली, रेघ घालविली. शेल टाकले, इंजिन बांधले. पहिले आठ दिवस गाडी गोड चालली. अकराव्या दिवशी भरल्या ट्रॉल्यांनिशी चढ चढताना मधल्या रॉडचे शेल फिरले, तेलाचे भोक बंद झाले, रॉड पिनेला धरला आणि तुटून ब्लॉकच्या बाहेर आला. ब्लॉक गेला, क्रँक गेला. टोळी सहा दिवस फडात बसून राहिली आणि मग मुकादमाने तिला दुसऱ्याच्या गाडीवर नेली. तो शेतकरी गॅरेजात येऊन भांडला नाही. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, बघितलं नव्हतं व्हय तुम्ही?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मालकांपाशी मात्र होते. पोराने एमरी नीट धुतली नाही, असे ठरले आणि नुकसानीपोटी त्याचा पगार दर महिन्याला कापावयास सुरुवात झाली. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नुकसानीची अशी कपात करता येत नसे. परंतु हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही त्याही दिवशी गप्प राहिलो. हे सांगताना आजही बरे वाटत नाही.

पुढे एका रविवारी आयटीआयमधल्या एका मास्तरांकडून मायक्रोमीटर मागून आणून आम्ही भंगारात पडलेल्या त्या क्रँकच्या शाबूत राहिलेल्या पिना मापल्या. एक नंबरची पिन आडवी २.२४८, उभी २.२४५. तीन नंबरचीही तशीच. म्हणजे डोळ्याला आरसा आणि नखाला गुळगुळीत असलेली पिन तीन थाउने अंडाकृती झालेली होती. मधली त्याहून बरी असण्याचे काही कारण नव्हते. तशा पिनेवर कोणतेही शेल घाला, एका बाजूला फट बरोबर तर दुसऱ्या बाजूला दुपटीहून जास्त. एमरीची भुकटी तेलाच्या भोकात राहिली असेल, तर तिनेही हातभार लावला असेल; त्या मुलाचा तेवढा दोष आम्ही नाकारीत नाही. पण गाडी गेली ती मापले नाही म्हणून.

पिन अंडाकृती का होते, हे आता आपल्या लक्षात आले असेल. तडाखा दर खेपेस जवळपास त्याच जागी बसतो: पिस्टन अगदी वर असताना, पिनेच्या वरच्या अंगाला. म्हणून क्रँकच्या हाताच्या दिशेतला व्यास कमी होतो आणि त्याच्या आडवा फारसा होत नाही. पिन मापावयाची ती अशी: दोन टोकांपाशी, प्रत्येक ठिकाणी उभी आणि आडवी, मिळून चार मापे, आणि मग मायक्रोमीटर थोडा थोडा फिरवून सर्वांत लहान व्यास कोठे लपला आहे तो शोधावयाचा. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे अंडाकृती. दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. या इंजिनाला दीड थाउपर्यंत झीज चालवून घेतात. त्यापुढे घासणे आले.

मायक्रोमीटर ही वस्तू कपाटात ठेवण्याइतकी अवघड नाही. १८४८ साली पॅरिसच्या ज्यां लोराँ पामर याने तिचे पेटंट घेतले. आत एक स्क्रू, त्याला इंचात ४० आटे. एक पुरा फेरा म्हणजे इंचाचा चाळिसावा भाग, २५ थाउ. फिरत्या नळीवर २५ रेघा, एक रेघ एक थाउ. झाले. घट्ट आवळावयाचा नाही, शेवटची टिकटिक ऐकू येईपर्यंतच. रोज सकाळी बरोबरच्या दोन इंची कांडीवर तपासावयाचा. आणि एक गोष्ट या वैशाखाच्या दिवसांत विशेष: उन्हात पडलेला क्रँक लगेच मापू नये. वीस अंशांच्या फरकाने ही पिन अर्धा थाउ फुगते. रात्रभर सावलीत, मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवावा. दोघेही पोलादाचे, सारखेच फुगतात. हल्ली आकडे दाखविणारी स्वस्त व्हर्नियरे निघाली आहेत आणि पोरे तीच घेऊन पिना मापतात. पडद्यावर दोन दशांश दिसले म्हणून ते खरे असतात असे नाही. या कामाला ते हत्यार नव्हे.

काही वर्षांनी आमच्या भागातील गॅरेज कामगारांची युनियन झाली. मागण्यांत पगारवाढ होती, साप्ताहिक सुट्टी होती, आणि तिसरी मागणी अशी होती की प्रत्येक गॅरेजात मायक्रोमीटर कामाच्या टेबलावर असावा, आणि इंजिन खोलल्यावर सर्व पिनांची मापे एका कागदावर लिहून त्यावर मापणाऱ्याने सही करावी, एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. मालक मंडळी पगारवाढीवर वाद घालीत राहिली आणि तिसऱ्या मागणीला हसली. त्यांचे हसणे आम्ही समजू शकत होतो. परंतु आमच्याच जुन्या मिस्त्रींनी त्या मागणीला विरोध केला, तो आम्हाला अनपेक्षित होता. त्यांतले एक तर आमचे गुरू. चाळीस वर्षांचा अंगठा. ते म्हणाले, "माझ्या बोटाला कळतं ते तुमच्या चिमट्याला काय कळणार?"

एका संध्याकाळी टेबलावर तीन जुने क्रँक मांडले. मिस्त्रींनी डोळे मिटून बोट फिरविले. एका पिनेवर त्यांना जी कड लागली ती आम्हाला भिंगातूनही नीट दिसली नाही, आणि मायक्रोमीटरला तर ती सापडणारच नव्हती. तेथे सर्वांनी हात जोडले. मग दुसऱ्या क्रँकची पिन चाचपून ते म्हणाले, "ही रुपयासारखी गोल." ती अडीच थाउने अंडाकृती होती. बोटाला खरबरीतपणा कळतो, आकार कळत नाही. अंधारात विटी हातात दिली तर कळेल, पण जिचा घेर केसभराने चुकला आहे अशी गोटी कोणाला कळणार? मिस्त्री उठून गेले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर आम्हाला थांबवून घेतले आणि हळूच म्हणाले, "मला त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत, पोरा. कागदावर सही कशाची करू?"

चाळीस वर्षे त्यांच्याबरोबर काढलेल्या कोणालाच ते ठाऊक नव्हते. विरोध मायक्रोमीटरला नव्हता. आम्ही मागणीपत्र लिहिले, त्याच्या प्रती काढल्या, सभा घेतल्या, आणि ही एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी शून्यापासून पंचविसापर्यंतचे आकडे आणि दशांशाचे टिंब, एवढाच अभ्यास चालला. मिस्त्रींनी पहिली सही केली ती मापांच्या कागदावर. त्यांच्या कागदात मापांखाली एक ओळ जास्तीची असे: 'बोटाला लागते' किंवा 'लागत नाही'. ती ओळ आम्ही नंतर छापील कागदातच घातली.

कागद आल्यावर एक नवीनच प्रकार उघडकीस आला. न मापता चालविणारे होते तसे न मापता घासणारेही होते. क्रँक ग्राइंडिंगला पाठविला की पाठविणाऱ्याला काही मिळते; मग अर्धा थाउ झिजलेली पिनही घासून दहावर न्यावयाची. शेल मिळतात दहा, वीस आणि तीस थाउ बारीक पिनांसाठी. म्हणजे क्रँकच्या जन्मात घासणी तीनदाच. कारणावाचून एक घासणी केली की शेतकऱ्याच्या मालमत्तेतून आठ-दहा वर्षे काढून घेतली. ज्या पिनेची झीज अर्ध्या-पाऊण थाउची, अंडाकृती नाही, रेघ नाही, तिला धुऊन, त्याच मापाचे नवे शेल घालून बांधावी. काही न करणे हाही निर्णयच आहे, पण तो आकडा पाहून घेता येतो. शंका राहिलीच तर शेल घालून, कॅप पुस्तकातल्या टॉर्कने आवळून, आत प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा मऊ धागा ठेवतात. कॅप उघडली की तो किती चपटा झाला यावरून फट वाचता येते. हा धागा पुडीत स्वस्त मिळतो. तो प्रत्येक गॅरेजात का नसतो, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

घासून आलेला क्रँकही डोळे मिटून घेऊ नये. पिन जेथे क्रँकच्या हाताला मिळते तेथे ही जी छोटी गोलाई आहे, ती घासणाऱ्याने राखली पाहिजे. घाईने कोपरा चौकोनी केला तर दिसायला काम सुबक दिसते आणि काही महिन्यांत दांडा नेमका तेथूनच तुटतो. काही क्रँकांची फक्त वरची कातडी कडक केलेली असते; ती घासली गेली तर पुन्हा कडक करवावी लागते. तेलाची भोके आतून तारेच्या ब्रशाने, रॉकेलने, हवेने साफ करावीत, आणि हे घासणाऱ्याने केले असेल असे धरून चालू नये. त्या सतरा वर्षांच्या मुलाला कोणी हे सांगितले असते तर!

आणि दोन पापांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण ती आजही चालू आहेत. फट वाढली म्हणून कॅपचे तोंड कानशीने घासणे, हे पहिले. त्याने वरून-खालून फट कमी होते, पण भोक गोल राहत नाही; कॅप जन्माची बाद. शेलच्या पाठीमागे कागद किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे, हे दुसरे. शेल आपल्या जागेपेक्षा किंचित मोठे असते, कॅप आवळली की ते दाबले जाऊन घट्ट बसते आणि आपली उष्णता पाठीतून सोडते. मागे कागद आला की ती वाट बंद. हा उपाय सांगणारे लोक तो 'युक्ती' म्हणून सांगतात आणि ऐकणारे हसून दाद देतात. ट्रॅक्टर दुसऱ्याचा असतो.

त्या मुलाची कपात पुढे थांबली. कापलेले पैसे सगळे परत मिळाले नाहीत. तो आता स्वतःचे गॅरेज चालवितो. शेतकऱ्याने तो ट्रॅक्टर भंगारात घातला आणि दोन हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढले, एवढे आम्हाला कळले. नंतर भेट नाही.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, म्हणून आता आवरते घेतो. टेबलावर हा क्रँक आहे, दोन ते तीन इंची मायक्रोमीटर आहे, कांडी आहे. क्रँक काल रात्रीपासून या सभागृहातच सावलीत ठेवला आहे. दोन नंबरच्या पिनेची चार मापे आम्ही सकाळी घेऊन, कागदावर लिहून, सही करून अध्यक्ष महाराजांच्या खिशात दिली आहेत. ज्यांना इच्छा असेल त्यांनी पुढे येऊन आपापली मापे घ्यावीत, या पाटीवर लिहावीत, आणि मग तो कागद उघडू. आमचे चुकले असेल तर तेही येथेच दिसेल. भगिनींनीही यावे. पिनेला तेल लावलेले आहे, फडके डाव्या बाजूस ठेवले आहे. मापण्यापूर्वी पिन पुसून घ्यावी.